ज्यूलने मोटरचा नाद सोडला तेव्हा

घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई एका रविवारी सकाळी मुलुंडला माझ्या घरी आल्या. बरोबर नववीतला एक मुलगा होता आणि त्याच्या हातात बुटांचं खोकं. मुलानं खोक्यातून एक यंत्र काढून टेबलावर मांडलं. जुन्या हार्डडिस्कच्या बेअरिंगवर दोन सीड्या एकमेकींना चिकटवून बसवलेल्या, त्यांच्या कडेला चार गोल चुंबक, आणि शेजारी लाकडाच्या ठोकळ्यावर एक गुबगुबीत कॉइल. चुंबक कॉइलसमोर आला की काचेच्या नळीतला एक छोटा रीड स्विच मिटायचा, ट्रान्झिस्टर चालू व्हायचा, कॉइलला क्षणभर प्रवाह मिळायचा आणि ती चुंबकाला ढकलून द्यायची. चुंबक पुढे गेला की प्रवाह बंद. पुढचा चुंबक आला की पुन्हा धक्का. बोटानं एकदा गती दिल्यावर चकती सेकंदाला पाच फेरे घेऊ लागली, म्हणजे सेकंदाला वीस धक्के. काम सुबक होतं. मी त्या वयात असलं काही बनवलं तेव्हा ते तीन फेऱ्यांत थांबलं होतं.

मुलानं मग टेस्टरमधला निऑन दिवा कॉइलच्या दोन टोकांना लावला आणि तो लालसर पेटला. बॅटरी १२ व्होल्टची, आणि निऑन पेटायला तर साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात. बाई माझ्याकडे पाहत होत्या. मुलानं वही उघडली. आत जाणारी वीज : १२.३ व्होल्ट, ०.२१ अँपिअर, म्हणजे सुमारे २.६ वॅट. बाहेर येणारी वीज : डायोडमधून कपॅसिटर भरला तेव्हा त्यावर १८० व्होल्ट दिसले. त्याला ०.२१ नं गुणलं की जवळजवळ ३८ वॅट. प्रदर्शन पंधरा दिवसांवर होतं. फलक रंगवून तयार होता : ‘इंधनाशिवाय वीज’.

बाई हळूच म्हणाल्या, “सर, चूक आहे एवढं मला कळतंय. पण कुठे आहे ते सांगता येत नाही. आणि याला नुसतं ‘नियमात बसत नाही’ असं सांगायला जीभ रेटत नाही.”

तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ आली असेल. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाठ्यपुस्तकात एका चौकटीत असतो आणि मुलाच्या हातात फिरणारं चाक असतं. चौकट दाखवून चाक थांबवणं काही अवघड नाही. पण मला त्यात एक अन्याय वाटतो. कारण तो नियम ज्या माणसाच्या हातून पक्का झाला, त्यानं सुरुवात केली होती ती अशाच घरगुती, धक्क्यावर चालणाऱ्या चुंबकी मोटरपासून, आणि याच आशेनं.

त्याच्याकडे वळण्याआधी मुलाचा प्रश्न पाहू. त्याची कॉइल दोन तारा एकत्र धरून गुंडाळलेली होती, प्रत्येकीचे ३०० वेढे. त्यानं त्या दोन तारा आधी एकसर जोडल्या, मग समांतर, मग एकच तार वापरून दुसरी मोकळी ठेवली. दोन्ही तारांना पीळ देऊन आणखी एक कॉइलही केली. कुठल्या जोडणीत सर्वांत कमी विजेत सर्वांत जास्त जोर मिळतो, हे त्याला हवं होतं. प्रश्न चांगला आहे, आणि तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

हेन्रीची उन्हाळ्याची सुट्टी

विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे ऑर्स्टेडनं १८२० साली दाखवलं. (मुंबईत ट्रामगाड्या विजेवर धावणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं याच कारणानं बिघडणार होती, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली.) १८२५ साली विल्यम स्टर्जन या इंग्रज माणसानं नालाच्या आकाराच्या लोखंडाला तांब्याची तार गुंडाळून पहिला विद्युतचुंबक केला. तार उघडीच होती. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते दूरदूर ठेवलेले आणि लोखंडाला व्हार्निश लावलेलं. त्यामुळे वेढे मोजकेच.

हे सुधारलं जोसेफ हेन्रीनं. अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या अकॅडमीत तो शिक्षक होता, मुख्यतः गणिताचा. वर्षभर तासांमागून तास. प्रयोगाला जागा आणि वेळ मिळायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऑगस्ट महिन्यात, शाळेचं मोठं दालन रिकामं असताना. हेन्रीनं लोखंडाऐवजी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढे एकमेकांना खेटून आणि थरावर थर देऊन घालता येऊ लागले. आपण इनॅमलची तार बाजारातून आणतो तेव्हा हे रेशीम विसरलेलो असतो.

मग हेन्रीनं नेमकं आपल्या मुलानं केलं तेच केलं. एकाच लोखंडावर अनेक स्वतंत्र गुंडाळ्या घातल्या आणि त्या वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडून पाहिल्या. त्याला दिसलं की एकच मोठा घट असेल तर गुंडाळ्या समांतर जोडलेल्या बऱ्या, आणि अनेक घटांची माळ असेल, विशेषतः लांब तारेतून वीज आणायची असेल, तर एकच लांब गुंडाळी बरी. ओहमचा नियम १८२७ साली छापून आला होता, पण तो हेन्रीपर्यंत पोचलेला नव्हता. निव्वळ चाचपडत त्यानं हे शोधलं. त्याच्या गुंडाळीचा एक चुंबक १८३१ साली येल कॉलेजसाठी तयार झाला. त्यानं २,००० पौंडांहून जास्त वजन उचललं.

आपल्याजवळ ओहमचा नियम आहे, तेव्हा फळ्यावर हिशेब करू. मुलाच्या प्रत्येक तारेचा रोध ६ ओहम. दोन्ही एकसर जोडल्या तर १२ ओहम. १२ व्होल्टला प्रवाह १ अँपिअर. वेढे ६००. चुंबकाचा जोर ठरतो तो प्रवाह आणि वेढे यांच्या गुणाकारानं. तो झाला ६००. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज १२ वॅट. आता त्याच तारा समांतर जोडा. प्रत्येकीत २ अँपिअर, वेढे ३००, असं दोन वेळा : गुणाकार १,२००. जोर दुप्पट! पण बॅटरीतून ४ अँपिअर निघतात आणि उष्णता ४८ वॅट, म्हणजे चौपट. बरं, एकसर जोडणीतही १,२०० हवे असतील तर? २४ व्होल्ट द्या. प्रवाह २ अँपिअर, उष्णता पुन्हा ४८ वॅटच. जोडणी कुठलीही असो, तेवढ्याच तांब्यात तेवढाच जोर हवा असेल तर तेवढीच उष्णता मोजावी लागते. जोडणीनं फक्त एवढं ठरतं की तुमच्या बॅटरीला कुठली कॉइल मानवेल. प्रवाह वाढायला लागणारा वेळही दोन्ही जोडण्यांत तोच येतो, कारण एकसर जोडणीत रोध चौपट होतो आणि स्वयंप्रवर्तनही चौपट.

दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळण्याच्या युक्तीला टेस्लाचं नाव चिकटलेलं आहे. टेस्लानं १८९४ साली अशा कॉइलचं पेटंट घेतलं हे खरं. पण त्याला हवी होती वेढ्यांमधली धारिता, म्हणजे वेगानं उलटसुलट होणाऱ्या प्रवाहात वेगळा कपॅसिटर लावायला लागू नये. सेकंदाला वीस धक्के देणाऱ्या चाकाला तिचा काही उपयोग नाही. मुलाच्या पीळ दिलेल्या कॉइलनं काही निराळं केलं नाही ते यामुळेच.

जस्ताचा हिशेब

विद्युतचुंबक वजन उचलतो, तर चाक का फिरवणार नाही? हेन्रीनं १८३१ साली एक लोखंडी दांडी मधोमध तोलून तिच्यावर तार गुंडाळली. दांडी एका बाजूला झुकली की तारेची टोकं त्या बाजूच्या घटाला जोडलेल्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची, चुंबकत्व उलटायचं आणि दांडी दुसरीकडे झुकायची. मिनिटाला ७५ झोके. धक्क्यावर चालणारी चुंबकी मोटर ती हीच. हेन्री स्वतः तिला खेळणंच समजत असे.

इतरांना ते खेळणं वाटलं नाही. व्हरमाँटमधला लोहार टॉमस डेव्हनपोर्ट यानं हेन्रीचा एक चुंबक पाहिला, पैसे जमवून तो विकत घेतला, आणि तो कसा बनवला आहे ते पाहायला गुंडाळी उलगडली. नव्या गुंडाळीला रेशीम हवं म्हणून पत्नी एमिलीच्या लग्नाच्या पोशाखाच्या पट्ट्या केल्या असं सांगतात. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्याला विद्युत मोटरचं अमेरिकी पेटंट मिळालं. पैसा कधीच मिळाला नाही. याकोबीनं १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत मोटरवर होडी चालवली. होडीत डझनभर माणसं होती. अमेरिकेच्या काँग्रेसनं चार्ल्स पेजला २०,००० डॉलर दिले आणि १८५१ साली त्यानं वॉशिंग्टनहून ब्लेडन्सबर्गपर्यंत बॅटरीवरचं इंजिन नेलंसुद्धा. वाटेत घटांची भांडी तडकली. सगळ्यांचं घोडं एकाच जागी पेंड खायचं : घटातलं जस्त फार लवकर संपायचं.

आता ज्यूल. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल १८१८ साली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये जन्मला. घरचा बीअरचा कारखाना. लहानपणी त्याला काही काळ जॉन डाल्टननं शिकवलं होतं, अणुसिद्धांतवाल्या डाल्टननं. १८३८ साली, एकोणिसाव्या वर्षी, ज्यूलनं आपल्या पहिल्या मोटरचं वर्णन स्टर्जनच्या मासिकात छापलं. कारखान्यातल्या वाफेच्या इंजिनाची जागा ही मोटर घेईल असं त्याला मनापासून वाटत होतं. पुढची तीन वर्षं तो लोखंडाचे आकार, तारांच्या जाड्या आणि गुंडाळ्या बदलत राहिला.

त्याची आशा हवेतली नव्हती. तिच्यामागे मोजमाप होतं, आणि म्हणूनच मला ती मोलाची वाटते. दोन विद्युतचुंबकांमधून तोच प्रवाह सोडला तर त्यांच्यामधलं आकर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यानं मोजून पाहिलं. घटातलं जस्त मात्र प्रवाहाच्या साध्या प्रमाणात खर्च होतं. हे फॅरडेनं दाखवलेलंच होतं. मग प्रवाह दुप्पट केला तर जोर चौपट आणि जस्त दुप्पट. दहापट केला तर जोर शंभरपट आणि जस्त दहापट! मोटर जितकी मोठी तितकी ताकद फुकट. आपल्या मुलाच्या ३८ वॅटपेक्षा हा युक्तिवाद कितीतरी भक्कम आहे. तुम्ही वर्गात तो असाच मांडा आणि मुलांना चूक शोधायला सांगा. मी एका प्रशिक्षण वर्गात शिक्षकांसमोर मांडला होता, तेव्हा अर्धा तास कोणाला सापडली नव्हती.

ज्यूललाही ती विचार करून सापडली नाही. यंत्र फिरवल्यावर सापडली. चाक थांबलेलं असताना प्रवाह भरपूर असायचा; चाक वेग घेऊ लागलं की तोच प्रवाह उतरायचा. कारण फॅरडेनं १८३१ साली दाखवलेलं प्रवर्तन मोटरलाही सोडत नाही. कॉइलजवळून चुंबक सरकला की कॉइलमध्ये दाब निर्माण होतो, आणि लेन्झनं सांगितल्याप्रमाणे तो दाब नेमका बॅटरीच्या विरुद्ध असतो. आपण त्याला उलटा दाब म्हणू. वेग जितका जास्त आणि चुंबक जितका प्रबळ, तितका उलटा दाब जास्त. शंभरपट जोराची मोटर फिरू लागली की तिच्यातून तो मोठा प्रवाह वाहतच नाही. वाहता ठेवायचा तर आणखी घट जोडा, म्हणजे आणखी जस्त.

१८४१ साली मँचेस्टरच्या एका व्याख्यानात ज्यूलनं हिशेब मांडला. कॉर्नवॉलमधलं उत्तम वाफेचं इंजिन एका पौंड कोळशात १५ लाख पौंड वजन १ फूट उचलतं. आपली मोटर एका पौंड जस्तात त्याच्या एक पंचमांशाहून थोडंसंच जास्त उचलते. आणि जस्त कोळशाहून कितीतरी महाग. मोटर वाफेची जागा घेईल ही आशा आपण सोडल्यासारखीच आहे, अशा अर्थाचं त्यानं सरळ सांगून टाकलं. बावीस वर्षांचा मुलगा, तीन वर्षांचं काम, आणि भर सभेत ही कबुली.

पण मोजणं त्यानं सोडलं नाही. बॅटरीतली शक्ती कुठे जाते? तारा तापतात हे दिसत होतं. त्यानं तारेची गुंडाळी पाण्यात बुडवून थर्मामीटर लावला आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते हे १८४० च्या अखेरीस मांडलं. आपण शाळेत शिकवतो तो ज्यूलचा नियम हाच. ज्या वर्गाच्या भरवशावर तो फुकटची ताकद मागत होता, तोच वर्ग खर्चाच्या बाजूला येऊन बसला होता.

मग १८४३ चा प्रयोग. लोखंडावर गुंडाळलेली एक छोटी कॉइल काचेच्या नळीत पाण्यात बसवली आणि ती नळी मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये गरगर फिरवली. पाण्याचं तापमान अंशाच्या काही भागांनीच वाढायचं, तेवढं तो मोजायचा. कॉइल फिरवायला किती काम लागतं ते दोरीला बांधलेल्या वजनांच्या पडण्यावरून मोजायचं. बॅटरी जोडून कधी यंत्राला मोटरसारखं चालू द्यायचं, कधी जनित्रासारखं बाहेरून फिरवायचं. त्याला दिसलं ते असं : यंत्र जेव्हा काम करतं तेव्हा मंडलात तेवढ्या प्रमाणात उष्णता कमी सापडते, यंत्रावर जेव्हा काम केलं जातं तेव्हा तेवढी जास्त सापडते. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला ८३८ फूट-पौंड काम, असा आकडा त्यानं त्या ऑगस्टमध्ये कॉर्कच्या सभेत सांगितला. आजचा आकडा ७७८ आहे. पुस्तकात चित्र असतं ते पाण्यात फिरणाऱ्या वल्ह्यांच्या प्रयोगाचं. तो नंतरचा, त्यातून १८५० मध्ये ७७२ आला. मुळात नियमाचा जन्म झाला तो मोटरच्या कॉइलमध्ये.

आता मुलाच्या चाकाकडे पाहिलं की एक गोष्ट उलगडते. अशा मोटरी बनवणारे हौशी लोक धडपडतात ती बहुधा उलटा दाब घालवायला. कॉइल अशी जोडा, तशी जोडा, म्हणजे ‘लेन्झचा अडथळा’ नाहीसा होईल. पण बॅटरीतून आलेल्या शक्तीचे दोनच वाटे होतात : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हा तारेतल्या उष्णतेचा वाटा, आणि प्रवाह गुणिले उलटा दाब हा चाकाचा वाटा. उलटा दाब शून्य केलात तर चाकाला मिळणारी शक्तीही शून्य. सगळी बॅटरी तार तापवण्यात जाईल. मोटर बॅटरीकडून काम घेते ते त्या अडथळ्याच्याच हातानं.

याकोबीनं यावर आणखी एक गणित केलं : उलटा दाब बॅटरीच्या दाबाच्या निम्मा असताना मोटर सर्वांत जास्त शक्ती देते. खरं आहे. तेव्हा निम्मी शक्ती उष्णतेत जाते, हेही खरं. पण यावरून कुठलीही मोटर निम्म्याहून जास्त कार्यक्षम असूच शकत नाही, असा समज १८८० च्या आसपासपर्यंत टिकून राहिला. सर्वांत जास्त शक्ती आणि सर्वांत कमी नासाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलटा दाब बॅटरीच्या दाबाच्या जितका जवळ, तितकी नासाडी कमी.

बोरिवली लोकल

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर बोरिवलीला फलाटावर उभे राहू. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली; १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्ग विजेवर आला, आणि घाटकोपर-मुलुंडवरून जाणारा मार्ग १९२९ पर्यंत कल्याणच्याही पुढे.

गाडी फलाटावर उभी असते तेव्हा मोटरचं चाक स्थिर, म्हणून उलटा दाब शून्य. अशा वेळी पूर्ण १,५०० व्होल्ट दिले तर प्रवाह इतका प्रचंड वाहील की गुंडाळ्या जळतील. म्हणून त्या जुन्या गाड्यांमध्ये सुरुवातीला मोटरी एकसर जोडलेल्या असत आणि त्यांच्याबरोबर मोठे रोध. गाडी वेग घेऊ लागली, उलटा दाब वाढू लागला, की रोध एकेक करून काढले जात. मग मोटरी समांतर जोडल्या जात. गाडी सुटताना डब्याखालून ठराविक अंतरानं येणारा ‘खटक्, खटक्’ आवाज आणि प्रत्येक खटक्याला बसणारा हलका हिसका ज्यांना आठवतो, त्यांनी हेन्रीची एकसर-समांतर जोडणी कानांनी ऐकलेली आहे. रोज लाखो माणसं घेऊन ऑफिसच्या वेळेला हा प्रयोग चालत असे.

ही पद्धत आता गेली. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये एकदिश प्रवाह संपून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. त्याआधी, २००७ च्या अखेरीपासून, ज्या नव्या गाड्या आल्या त्यांत त्रिकला मोटरी होत्या. त्या ब्रेक लावताना जनित्र बनतात. फिरत्या मोटरचा दाब तारेतल्या दाबावर मात करील अशी व्यवस्था इलेक्ट्रॉनिक्स करतं, प्रवाह उलटा वाहतो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. पलीकडच्या रुळावर सुटणारी दुसरी गाडी ती वापरते. लेन्झचा अडथळा घालवून नव्हे, तो पुरेपूर वापरून वीज वाचते. मात्र परत येते ती गाडीला आधी दिलेल्या गतीपैकीच, आणि तीही सगळी नाही.

खोक्याकडे परत

टेबलावर आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. १८० व्होल्ट खरेच होते. कॉइलचा प्रवाह एकदम तोडला की तिच्यातलं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि क्षणभर मोठा दाब उठतो; निऑन पेटतो तो त्यानं. पण ते १८० व्होल्ट कपॅसिटरमधून काहीही काढून घेत नसताना मोजलेले होते, आणि ०.२१ अँपिअर भलत्याच ठिकाणी, बॅटरीच्या तारेत, मोजलेला होता. एका घरातली लांबी आणि दुसऱ्या घरातली रुंदी गुणून क्षेत्रफळ काढण्यातला हा प्रकार. मी कपॅसिटरला १० किलोओहमचा रोध लावायला सांगितला. आकडा घसरत घसरत ३८ व्होल्टवर थांबला. मुलानंच हिशेब केला : ०.१४ वॅट. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हटलं, चाकाला बोट लावून बघ. बोट टेकताच चाक मंदावलं आणि अँमीटरचा काटा वर गेला. “सर, चाक हळू झालं तर वीज कमी लागायला हवी ना?” ज्यूलला दिसलं होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं. आसाला दोरा गुंडाळून १०० ग्रॅमचं वजन टांगलं. ते चार सेकंदांत एक मीटर वर आलं. म्हणजे जवळजवळ एक ज्यूल काम, पाव वॅट. त्या वेळी बॅटरीतून ३.२ वॅट जात होते. शंभरातले आठ. बाकीचे कुठे गेले, असं विचारल्यावर त्यानं कॉइलला हात लावला आणि काढून घेतला.

प्रकरण एवढं गांभीर्यानं घेण्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणारे माझे एक परिचित असंच एक मोठं यंत्र दाखवायला मला घेऊन गेले. विकणाऱ्यानं त्यांना दोन बॅटऱ्या दाखवल्या होत्या, एक यंत्र चालवणारी आणि दुसरी ‘आपोआप भरणारी’. दुसरीवरचा व्होल्टमीटर खरंच चढत होता. पण बॅटरीच्या टोकांवरचा दाब आणि बॅटरीत साठलेली वीज या वेगळ्या गोष्टी. दिवा लावून किती वेळ जळतो हे कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहू म्हटलं तेव्हा विकणारा रागावला. परिचितांची निवृत्तीसाठी ठेवलेली रक्कम तोवर देऊन झाली होती. ते इंजिनिअर होते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

प्रदर्शनात मुलानं यंत्र मांडलं. फलक बदलला होता. त्यावर नुसता तक्ता होता : तीन जोडण्या, प्रत्येकीत आत गेलेले वॅट, उचललेलं वजन, लागलेले सेकंद. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी “मग याचा उपयोग काय?” असं विचारलं, असं बाईंनी फोनवर सांगितलं. थोड्या रागानंच सांगितलं.

मुलाला आता दुसराच प्रश्न पडला होता. जोडणी बदलून काही होत नसेल, तर तांबंच दुप्पट घातलं तर? वेढे तेवढेच आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट, तर रोध निम्मा आणि तेवढ्याच प्रवाहाला उष्णताही निम्मी. हे मात्र खरं आहे, यात फायदा आहे, आणि मोटर बनवणारे लोक तो रोज तांब्याच्या भावाशी ताडून पाहतात. मी बाईंना म्हटलं, लोहार चाळीत तार वजनावर मिळेल, गेज सांगून घ्या. पुढच्या शनिवारी दोघं जाऊन आले. दुकानदारानं मुलाला विचारलं म्हणे, “काय भरायचंय, पंखा की मिक्सर?”